पाण्याच्या टाकीजवळची पंगत

देवावर भार टाकून स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. माहेर देवासचं, सासर धारचं, दोन्हीकडे दत्ताची उपासना. तरी जप करतानाही माझं डोकं पुढच्या कामांची जुळवाजुळव करत असतं. त्या गुरुवारी मात्र माझी एकही युक्ती चालेना.

धारच्या एका मिशनच्या शाळेत मी गणित शिकवते. मुलं सगळ्या जातीधर्मांची. कुणाच्या आचाराला धक्का लागू नये म्हणून आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी आणि आम्ही शिक्षिकांनी मोठ्या हौसेनं जेवणाच्या हॉलमध्ये वेगवेगळी टेबलं मांडली होती. जैन मुलींचं एक, शाकाहारी मुलींचं एक, हलाल खाणाऱ्यांचं एक आणि मिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती मुलींचं एक. पालक खूश, आम्हीही खूश. या चोख व्यवस्थेत सहावीतल्या कमलीलाच तेवढी जागा उरली नाही. तिची आई ख्रिस्ती, वडील भगत, म्हणजे मांस आणि दारू सोडलेले भिल्ल. शाकाहारी टेबलावरच्या मुली म्हणायच्या, "तू तो मिशन वाली है, उधर जा." मिशनच्या टेबलावर मटणाच्या वासानं तिला घास उतरायचा नाही. ती पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसायची आणि डबा न उघडताच परत न्यायची. हे आम्हाला कळलं ते ती माझ्या तासाला चक्कर येऊन पडली तेव्हा.

कमली धारमध्ये मावशीकडे राहून शिकत होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, तिचे वडील धामनोदहून मोटरसायकलवर तिला न्यायला आले. "छोरी भूखी मरी री है मैडम, मैं तो ले जाऊँगा." तिच्या थोरल्या बहिणीलाही असंच घरी नेलं होतं, आणि मग तिचं लग्नच लावून दिलं. सिस्टरांनी हात जोडले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मेरे सामने खा ले, तो छोड़ दूँगा."

जेवणाची सुट्टी झाली. कमली पायरीवर, डबा मांडीवर. मी मुलींना दटावून तिला बोलवायला पाठवलं. हुकमाचं बोलावणं ते, ती आणखीच आक्रसली. सिस्टर डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. माझा गुरुवारचा उपास होता. मी मनात म्हटलं, दत्ता, निदान याची गाडी तरी सुरू होऊ देऊ नकोस.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. "कमली, चाल." ती उठली, दप्तर पाठीला लावलं. मला रडू फुटलं.

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आत आली. एका जैन मुलीची आजी, मोहनखेड्याच्या जैन तीर्थाचं दर्शन करून परतताना नातीला भेटायला थांबलेली. उन्हानं दमून ती टाकीच्या पायरीवर टेकली आणि कमलीचा हात धरून म्हणाली, "बैठ बेटा, एकली जीमवा में म्हने अच्छो नी लागे." एकटीनं जेवणं तिला गोड लागत नव्हतं. तिनं स्वतःचा डबा उघडला.

"मेरे में तो मक्के की रोटी है," कमली कशीबशी बोलली.

"तो थारो तू जीम, म्हारो मैं जीमूँ. साथे बैठवा में कई जाय?"

ज्याचं त्यानं खावं, नुसतं सोबत बसण्यात जातंय काय! कमलीनं एकदा वडिलांकडे पाहिलं आणि डबा उघडला. खिडकीतून आजी दिसताच नात ताट घेऊन धावत आली आणि जमिनीवरच बसली. मग तिच्या मैत्रिणी, मग शाकाहारी टेबलावरच्या, मग पलीकडच्या टोकाला हलाल खाणाऱ्या आणि मिशनच्याही. त्यांना कुणीही दटावलं नव्हतं. कमली कोरडी भाकरी भराभर चावत होती. तिचे वडील बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्याच हातानं गाडी बंद केली.

आता शाळेत वाढप निराळं, पण पंगत एकच असते. आमच्याकडे गुरुवारचा उपास सोडण्याआधी अतिथीसाठी एक पान वाढून ठेवतात. इतकी वर्षं मी ते वाढत आले; अतिथी आपला डबा घेऊन येईल आणि नुसता शेजारी बसेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी पान मांडताना मी पोटभर रडले. देवाकडे मी आजही मागते, सवय आहे. पण त्यानं ते कसं करावं, हे त्याला सांगायला जात नाही.