बिऱ्हाडावरचा दिवा

दरवर्षी आमच्या पिंगळीच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणारा तो मेंढपाळ यंदा एकटाच आला. बायको वारली, एवढंच म्हणाला, तेही मेंढीकडं बघत. पूर्वी तो दिवसभर मेंढरं चारायचा. सांजंला ती बिऱ्हाडावर कंदील लावायची, त्याच्या उजेडावर तो परतायचा. यंदा त्यानं परभणीच्या बाजारातून स्वस्तातली बॅटरी आणि बल्ब आणलाय. बॅटरी आमच्या घरी चार्ज करतो आणि सकाळीच, लख्ख उन्हात, बिऱ्हाडावर बल्ब लावून निघतो.

मी म्हणालो, "दिवसा कशाला जाळायलाव? बॅटरी उतरंल की!"

"सांजंला लावायला कोन हाय, मालक?"

काल तो यायच्या आतच बॅटरी उतरली. मेंढरं सवयीनं बिऱ्हाडाकडं गेली. तो मात्र बांधावरच थांबला. मी हाक मारली, तरी हलला नाही.