एप्रन घालूनच घरी जा

अकरावी सायन्सचं पहिलं प्रॅक्टिकल संपलं, की बिराजदार सर दारात आडवे उभे राहायचे. "एप्रन काढायचा न्हाय. असंच घरी जायचं. गल्लीला कळू द्या की, आपली पोरं कुटं जात्यात ते!" पोरं लाजत, कुरकुरत तशीच निघायची. ते पांढरं लटांबर सायकलींवरून फाटकाबाहेर पडताना पाहून आम्ही शिक्षक हसायचो, आणि सरांना मनातून मानायचो.

सर मूळचे वळसंगचे. घरात कानडी, वर्गात मराठी, फळ्यावर इंग्रजी. यंदाच ते निवृत्त झाले. मी त्यांच्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरातलं कुणीच आधी सायन्सला गेलेलं नसतं. ती मागच्या बाकावर चोरून आल्यासारखी बसतात आणि पहिलं निमित्त मिळालं की शाखा बदलून मोकळी होतात. सरांना ते सहन व्हायचं नाही. एखाद्याच्या हातून परीक्षानळी फुटून तो रडवेला झाला, की म्हणायचे, "पाहुण्याच्या हातनं फुटली तर लाज. तू हितलाच हायस की. झाडून घे अन् दुसरी आण." रागवायचेही भरपूर, पण आपल्या माणसावर रागवावं तसं.

मुबीना त्यांची लाडकी. शुक्रवार पेठेतली, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली; वडील टेम्पो चालवायचे. सुरुवातीला तिचा आवाजच कुणी ऐकला नव्हता. एप्रन घालून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई पहिल्या बाकावर! प्रश्न विचारून सरांना भंडावून सोडायची. सर मिशीतल्या मिशीत हसत मला म्हणायचे, "लागली की ओ गोडी, मॅडम!"

पहिल्या चाचणीत ती नापास झाली, तेही सरांच्याच रसायनशास्त्रात. त्यात विशेष काही नव्हतं. "पयल्या चाचणीत समदी आपटत्यात. आपटल्याबिगर जमीन कळत न्हाय," हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं. पण मुबीना यायचीच बंद झाली, आणि ती आर्ट्सला जाणार असल्याचा निरोप मैत्रिणीकडून आला. सर मला सोबत घेऊन तिच्या घरी गेले.

आईनं चहा दिला. मुबीना खाली बघत बोलू लागली.

"सर, कॉलेजात मला आपलंच वाटतं. नापास झाले तरी तिथं कुणी काही म्हटलं नसतं. पण एप्रन घालून घरी गेले, तेव्हापासून गल्लीत सगळे मला डाक्टरनी म्हणतात. गोळ्यांची पाकिटं घेऊन येतात. मला यातलं कळत नाही म्हटलं, तर म्हणतात, बच्ची को घमंड नहीं. परवा शेजारच्या चाचींना अंदाजानं काहीतरी सांगून बसले. तेव्हापासून झोप नाही मला."

"मी सांगतो की गल्लीत समद्यांना," सर म्हणाले.

"काय सांगणार, सर? नापास झाली म्हणून?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. आम्ही उठलो.

बाहेर ओट्यावर शेजारच्या चाची बसल्या होत्या. "डाक्टरनी के सर ना तुम?" त्यांचा चेहरा खुलला. "भोत हुशार है बच्ची. उनो बोली तब से बीपी की गोली तोडके आधा टुकडाच लेती मैं."

सरांचा चेहरा उतरला. "चाची, असं करू नका. डॉक्टरला विचारा की."

"डाक्टरनीकूच तो पुछी मैं!"

सरांनी रिक्षा बोलावली. चाचींना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांकडून गोळी पहिल्यासारखी पूर्ण सुरू करून घेतली. मग बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

"मॅडम, चाचीचं निस्तरलं. पोरीचं कसं निस्तरू?"

सोमवारी मुबीना आर्ट्सच्या वर्गात जाऊन बसली, सगळ्यात मागच्या बाकावर.