वाडीपर्यंतचे टायर

सातिवलीतला टायरवाला आधी भाव कधीच सांगत नाही. उकिडवा बसतो, जुन्या टायरवर तळहात फिरवतो, खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरनं उकरतो. मग विचारतो, "काका, गाडी जाते कुठं?"

बायको गेल्यावर मी पिकअप त्याच्याकडे नेली. म्हटलं, "डांबरी रस्त्याचे साधे टायर टाक. वाडी विकून टाकनार हाय. आता चिखलात कोन जातो?"

बाकी जो भेटला त्यानं 'देवाची मर्जी' म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. हा त्यातलं काही बोलला नाही. खाचेतली ओली माती काढून त्यानं माझ्यापुढं धरली.

"ही तर आजचीच आहे, काका."

"मग वाडीतल्या तिच्या मोगऱ्याला पानी कोन घालनार? तुझा बाप?" मी खेकसलो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. आत जाऊन जाड खाचांचे, चिखलात पकड घेणारे टायर लोळवत घेऊन आला.

"मी साधे सांगितले ना तुला?"

"साधे पावसात वाडीपर्यंत पोचणार नाहीत."

पावसाला अजून बराच अवकाश होता. मी गाडीला टेकून उभा राहिलो. मग म्हटलं, "बसव. चारी बसव."