पेन्सिलीची रेघ

विमानांच्या शेडमध्ये माझ्याबरोबर एकतीस वर्षं एक वेल्डर होता. त्याला सगळे साबणमास्तर म्हणत. जोड मारून झाला की तो नळीच्या एका तोंडातून हवा सोडायचा, बाकीची तोंडं बंद करायचा आणि जोडावर ब्रशने साबणाचा फेस लावायचा. मग स्टुलावर बसून बघत राहायचा. मोहरीएवढा बुडबुडा उठला तरी जोड कापून पुन्हा पहिल्यापासून. कोणी म्हणायचं, "मास्तर, पोराची आंघोळ झाली का?" तो म्हणायचा, "झाली. तुझी कधी?"

हे लाड उगाच नव्हते. आमच्या फ्लाइंग क्लबचं शिकाऊ विमान दोन सीटचं, आम्हा दोघांहून वयाने मोठं. सगळे त्याला म्हातारी म्हणत. तिच्या इंजिनाचा धूर सायलेन्सरमधून बाहेर पडे आणि त्याच सायलेन्सरभोवती पत्र्याचं जाकीट होतं. जाकिटात तापलेली हवा थंडीच्या दिवसांत आत बसणाऱ्यांच्या पायाशी सोडायची. म्हणजे सायलेन्सरला केसाएवढी चीर गेली तर विषारी वायू सरळ आत. त्याला ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी पेंगतो.

मास्तरचा दुसरा नियम पेन्सिलीचा. सायलेन्सरच्या पत्र्यावर पेन्सिलीने खूण करायची नाही. पत्रा लाल तापला की पेन्सिलीचं शिसं त्यात मुरतं, रेघेखालचा पत्रा ठिसूळ होतो आणि एक दिवस रेघेवरूनच फाटतो. खूण करायची ती खडूने. दाराशी खिळ्याला एक डबा टांगला होता. आत येणाऱ्याने कानावरची पेन्सिल त्यात टाकायची, साहेब असो नाहीतर झाडूवाला.

म्हातारीचा सायलेन्सर जळून पार विरला, तेव्हा मास्तरने तीन दिवस घेतले. जळका भाग कापून काढला, स्टेनलेसचा नवा पत्रा गोल वळवला आणि जोडला. पहिला जोड त्याला पटला नाही, तो कापला. दुसऱ्याला साबण लावला. एक बुडबुडा नाही. मग तो जेवायला गेला.

परत येतो तर सायलेन्सर विमानावर चढलेला आणि जाकीट आवळलेलं. हा उद्योग शेडच्या तपासनीसाचा. कागदावर सही त्याची चाले. आणि तो मास्तरचा जावई. शिकणारी मुलं आठवडाभर खोळंबली होती. "मामा, तुम्ही जेवत होतात. म्हटलं, उरकून टाकू," जावई म्हणाला. त्याच्या कानावर पेन्सिल होती. मास्तरने ती पाहिली. मीही पाहिली.

दुसरा कोणी असता तर मास्तरने जाकीट तिथल्या तिथे उघडायला लावलं असतं. अर्ध्या तासाचं काम. पण जावयाला चार माणसांत सांगायचं कसं? एकतीस वर्षांत एकदाच मास्तरने न बघता काम सोडलं.

दीड महिन्याने, ऐन थंडीत, शिकवणाऱ्या बाई म्हातारीला घेऊन एकट्याच वर गेल्या. उतरताना त्यांना एकीच्या दोन धावपट्ट्या दिसत होत्या. त्या कुंपणात शिरल्या. जीव वाचला, पाय मोडला. पुन्हा त्यांनी विमान चालवलं नाही.

चौकशीला बाहेरून अधिकारी आला. जाकीट उघडलं. चीर मास्तरच्या जोडापासून दोन बोटं लांब होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ, जिथे क्लॅम्प बसवायची खूण करतात बरोबर तिथेच. जावई बुटांकडे बघत होता. अधिकाऱ्याने विचारलं, हे काम कोणाचं?

"माझं," मास्तर म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याचा दंड धरला. म्हटलं, तुझ्या जोडाला काही झालेलं नाही, आत्ता जाऊन सांग.

"सांगून काय करू? त्याचं लायसन गेलं तर पोरीचा संसार कशावर चालणार? आणि तूही तोंड उघडायचं नाहीस."

मी शब्द दिला. त्या शब्दाची चीड मला आजही येते.

अहवालात आलं की वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा पत्रा कमजोर झाला. मास्तरचा परवाना गेला. मग तो रस्त्याकडेच्या एका दुकानात फाटकं जोडायचा, मोटारसायकलींचे सायलेन्सर जोडायचा. तिथेही साबण लावायचा. दुकानदार हसायचा.

जावई क्लबात सांगत फिरला की मामांचा हात थरथरायला लागला होता, नात्यापायी मीच बोललो नाही. आणि त्याच आठवड्यात त्याने डबा काढून दारावर ठळक पाटी लावली : आत पेन्सिल आणू नये. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी जाऊन मास्तरला सांगितलं.

"चला, शिकला म्हणायचा," मास्तर म्हणाला. मग बराच वेळ एकच बिजागरी घासत राहिला.

लेक येईनाशी झाली. एकदा आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, होत नव्हतं तर काम सोडायचं होतं. तुमच्यामुळे ह्यांना मान खाली घालावी लागते." मास्तरने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेला. तो सायलेन्सर चौकशीनंतर भंगारात पडला होता, तेव्हाच मी उचलून आणला होता. आता त्यातला जोडाचा तुकडा कापला, घासूनपुसून लखलखीत केला आणि लेकीच्या घरी गेलो. आतल्या खोलीत जावई फोनवर बोलत होता.

"काका, हे काय?"

मास्तरला दिलेला शब्द आठवला. इतकंच म्हटलं, तुझ्या बाबांचा जोड आहे, बघ, अजून धरून आहे.

तिने तो हातात घेतला नाही. "बाहेरच ठेवा," ती म्हणाली. "फरशीवर गंजाचे डाग पडतील."

तो पत्रा गंजत नाही. मी तुकडा पिशवीत घातला आणि घरी आलो.