वाघमारे काकांच्या नावाने

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला माझ्या रूट कॅनलपासून सगळं माहीत असतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर व्याख्यानातल्या बाई म्हणून ओळखत असाल — आणि त्या बाईबद्दलच बोलायचं आहे.

दोन वर्षं झाली. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा चहा ठेवायला उठले. आज दूध संपलंय, त्यामुळे उठायला कारण नाही.

आधी मी कोण, ते सांगते. एका अनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल शिकवते — फुकट. हे ‘फुकट’ मी प्रत्येक वेळी सांगते. आणि कुणी बोलावलं की व्याख्यान देते. विषय ठरलेला, डिजिटल स्वातंत्र्य. मी बरं बोलते, असं लोक म्हणतात. पूर्वी सरकारी कचेरीत साहेब जागेवर नसायचे, आता सर्व्हर जागेवर नसतो. साहेबाची निदान बाकावर बसून वाट बघता यायची. ‘मी सहमत आहे’ या चौकोनावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर ती सहमती कसली हो? सरकारला तुमचा अंगठा हवा, चेहरा हवा, तुम्ही कुठल्या चौकातून किती वाजता गेलात तेही हवं. का हवं, असं विचारलंत की तुमच्याच मनात काळंबेरं! इथे लोक हसतात. मग मी आवाज जरा खाली आणते आणि म्हणते, भीती ही सवय आहे, ती मोडायला हवी. टाळ्या.

हे सगळं मला खरंच वाटतं, बरं का. ढोंग म्हणून सोडून देता आलं असतं तर सोपं झालं असतं.

आता वहीचं सांगते. मोबाइलच्या वर्गात पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहायचे — पासवर्ड कोणालाही सांगू नका. मुलाला नाही, सुनेला नाही, मलाही नाही. सगळे मान डोलावून उतरवून घ्यायचे. आणि तास संपला की रांग लावून माझ्या वहीत आपापला पासवर्ड लिहून द्यायचे! ‘घरी चिठ्ठी हरवते हो. तुमच्याकडे असलेली बरी.’ गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवावी, तसं. मी हसायचे, दोन टोमणे मारायचे आणि वही पुढे करायचे. खरं सांगू? मला ते आवडायचं. एवढी माणसं आपल्यावर एवढा विश्वास टाकतात, हे कुणाला आवडणार नाही?

त्या वहीत वाघमारे काकांचंही पान होतं.

काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्यांतले. सबंध नोकरीत एक रॉंग नंबर लावला नाही, हे ते दर रविवारी कुणा ना कुणाला ऐकवायचेच. दत्तवाडीहून चालत यायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते आईच्या कडेवर होते म्हणे. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी घटनेची उद्देशिका फ्रेम करून लावलेली, आणि ती त्यांना तोंडपाठ. वर्गात सगळे शुभ सकाळची फुलं पाठवायला शिकायचे, काका मात्र सरकारी राजपत्र कसं उघडायचं ते विचारायचे. मला म्हणायचे मॅडम. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अहो-जाहो. मी सांगितलं तरी सोडलं नाही त्यांनी.

तर — आमच्या भागात कॅमेरे बसले. चेहरा ओळखणारे. उद्घाटनाचा हा भला मोठा फ्लेक्स चौकात लागला, त्यावर आमचे स्थानिक पुढारी, हात जोडून. त्या फ्लेक्सचा फोटो भागाच्या ऑनलाइन ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि खाली अभिनंदनाची रीघ लागली. आणि मला एक वाक्य सुचलं. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाला एखादं वाक्य सुचलं की ते पोटात राहत नाही हो. तीन दिवस घेऊन फिरत होते. भाजी निवडताना आठवायचं आणि एकटीच हसायचे.

वाक्य असं होतं — ‘चेहरा ओळखणारे कॅमेरे आलेच आहेत, तर पहिल्यांदा या फ्लेक्सवरच्या गृहस्थांना शोधा, मतदानाच्या दिवसापासून बेपत्ता आहेत, घरचे काळजीत आहेत.’

बस. एवढंच. आज लिहिताना वाटतंय, यात होतं तरी काय? पुण्यात यापेक्षा तिखट पाट्या जिन्याखाली लागतात.

पण मी ते टाकलं नाही. कॉलेजात त्याच महिन्यात एक परिपत्रक फिरलं होतं — कर्मचाऱ्यांनी शासनाविषयी समाजमाध्यमांवर मतप्रदर्शन टाळावं. दोन ओळी. खाली सहीसुद्धा नव्हती. माझ्या बढतीची फाइल वर गेलेली. दडपशाही, मुस्कटदाबी हे शब्द मी व्याख्यानात किती सहज वापरते! प्रत्यक्षात मला गप्प करायला बिनसहीचा एक कागद पुरला.

आणि मग तो शुक्रवार. भर दुपारी काकांचा फोन. मॅडम, खातं उघडत नाहीये. मी वही काढली, माझ्या लॅपटॉपवर त्यांचा पासवर्ड घालून पाहिला, तर उघडलं. त्यांचंच एक अक्षर चुकत होतं. ते सांगितलं, त्यांनी चार वेळा आभार मानले, फोन ठेवला. माझ्यासमोर त्यांचं खातं उघडंच होतं. वर त्यांचं नाव. खाली तोच ग्रुप, तोच फ्लेक्स, आणि लिहायची रिकामी चौकट.

चुकून झालं असं म्हणू का? नाही म्हणत. माझ्या मनात काय आलं तेही आठवतंय मला, शब्दन् शब्द — पेन्शनर माणसाला कोण काय करणार आहे?

लिहिलं. पाठवलं. वाघमारे काकांच्या नावाने.

लगेच काढून टाकता आलं असतं ना? आलं असतं. पण लोक हसायला लागले होते. ‘वा काका!’ ‘एक नंबर!’ अंगठे वाढत होते आणि मी दर दहा मिनिटांनी बघत होते. ती दाद माझी होती. ज्याचं नाव त्यावर होतं तो माणूस दुपारची झोप काढत होता. शनिवारी त्यांनी खातं उघडलंच नाही. रविवारी वर्गात कुणीतरी पाठ थोपटली, तर त्यांना वाटलं राजपत्र उघडायला जमलं म्हणून थोपटली. मी बघत होते. मी फळा पुसत होते.

सोमवारी त्यांना चौकीतून फोन आला. पुढाऱ्याच्या माणसांनी तक्रार दिली होती.

काकांनी पहिला फोन मला केला. मुलाला नाही — मला. आवाज बसला होता. मॅडम, मी असं काही लिहिलेलं नाही, हे माझ्या नावावर कसं आलं? त्यांच्याशी बोलता बोलता मी लॅपटॉप उघडला, ते वाक्य पुसलं, त्यांच्या खात्यातून बाहेर पडले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि मग त्यांना म्हणाले — हेच ते, याच्यासाठी एवढा वळसा घेतला — मी त्यांना म्हणाले, ‘काका, तुमचाच हात लागला असेल. कुठून तरी आलेला मजकूर कॉपी होतो, आणि बोट पडलं की भलतीकडे जाऊन चिकटतो. वयामुळे होतं असं.’

असं होत नाही. वीस वर्षं हा विषय शिकवतेय, असं अजिबात होत नाही. पण मी मॅडम होते. मी म्हटलं होतं म्हणजे होत असणार. मग ते म्हणाले, बरं.

चौकीत मीही गेले त्यांच्याबरोबर. मोठेपणा बघा माझा! माझ्या नावामागे प्राध्यापक आहे, म्हणून मला खुर्ची मिळाली. काकांना आडनाव विचारलं, दोनदा विचारलं, आणि बाकावर बसवलं. सकाळी अकरापासून तीन वाजेपर्यंत. त्या आडनावामुळे काय फरक पडेल, हे मला शुक्रवारी माहीत नव्हतं का? या गावात जन्म गेला माझा. हवालदाराने त्या वाक्याचा छापील कागद समोर ठेवला, माझ्याकडे बघून विचारलं, हे तुम्हीच शिकवता का यांना? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, मॅडमचा काही संबंध नाही. मॅडम फक्त शिकवतात, चूक माझी आहे.

मग माफीनामा लिहायचा ठरला. मजकूर मीच सांगितला, कारण माझी भाषा चांगली. ‘वयोमानामुळे अनवधानाने.’ हे दोन शब्द सांगताना त्यांच्या हाताकडे बघवेना. काय सुंदर अक्षर त्यांचं! खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

वाटलं, सुटलं प्रकरण. कागदापुरतं सुटलंही. पण त्यांच्या मुलाने — तो खराडीला एका कंपनीत आहे, भला माणूस आहे — त्याने घाबरून वडिलांचा फोन काढून घेतला आणि बटणांचा साधा फोन दिला. मग डॉक्टरकडे नेलं. स्वतः लिहिलेलं आठवत नाही म्हणजे विसरभोळेपणाची सुरुवात तर नाही ना? डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. हे मला काकूंनी सांगितलं, मी भेटायला गेले तेव्हा. गॅस बंद केला का, ते आता चार वेळा उठून बघतात. कुलूप लावून जिना उतरतात आणि पुन्हा वर येतात. एकटे बँकेत जात नाहीत. काकू हळू आवाजात म्हणाल्या, ‘यांचा स्वतःवरचा विश्वासच उडालाय हो.’ आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. मी पोहे खाल्ले.

तेव्हा सांगायला काय झालं होतं? एक वाक्य. काका, ते तुम्ही केलं नाहीत, तुमचं डोकं ठणठणीत आहे. मी घरून तसं ठरवूनही निघाले होते. पण मग चौकी आली असती, खोटा माफीनामा आला असता, कॉलेज आलं असतं, बातमी आली असती — डिजिटल स्वातंत्र्यवाल्या बाई दुसऱ्याच्या नावाआडून. मी बशी विसळून ठेवली आणि निघाले.

अजून एक राहिलंय, आणि ते यापेक्षा वाईट आहे.

महिनाभराने शनिवार पेठेत माझं व्याख्यान होतं. तिथे मी हा प्रसंग सांगितला. हो, सांगितला! नाव न घेता. एक सत्तरीचे सज्जन गृहस्थ, विनोदाच्या दोन ओळी, चार तास बाकावर — कुठे चाललोय आपण? माझा गळा दाटून आला. खोटा नव्हता दाटलेला, हे तुम्हाला कसं पटवू? समोर बायका डोळे पुसत होत्या. आणि तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, मुलाबरोबर वाघमारे काका बसले होते. मला दिसले तेव्हा मी अर्ध्यावर होते. थांबले नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक भोवती जमले. काका बाजूला उभे राहिले, सगळे पांगेपर्यंत. मग पुढे आले, नमस्कार केला आणि म्हणाले, छान बोललात. माझ्यासारख्याची बाजू कोण मांडतं? मी काहीतरी पुटपुटले.

‘मॅडम, एक सांगू? ते वाक्य चुकीचं नव्हतं. मला आवडलं ते. मी लिहिलेलं असतं ना, तर मी माफी मागितलीच नसती. बसलो असतो तिथेच, काय करायचं ते करा म्हणून. घटनेनं दिलेला हक्क आहे तो. पण मी लिहिलंच नव्हतं. जे आपण लिहिलं नाही, त्यावर अडून कसं बसायचं? ते खोटं झालं असतं.’

हॉलमध्ये खुर्च्या उचलत होते. त्यांचा मुलगा दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माझ्याकडून काहीही नको होतं.

मी म्हणाले, ‘जिन्यावर दिवा नाहीये काका, जपून उतरा.’

बढती झाली माझी. व्याख्यानं चालू आहेत, पुढची आमंत्रणंही आहेत. ती वही मी फाडली, सगळ्यांना सांगितलं की सुरक्षिततेसाठी फाडली, आणि सगळ्यांनी कौतुक केलं. काका आता वर्गाला येत नाहीत. मागच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर काकू एकट्या दिसल्या. मी काकांची ख्यालीखुशाली विचारली. म्हणाल्या, आता सहीसुद्धा मुलाला दाखवल्याशिवाय करत नाहीत.