बंब फुटलाय!

किस्से खुराड्यातल्या पिसांसारखे असतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पुन्हा तेवढेच! ताथवड्याच्या गुरांच्या दवाखान्यातली माझी दोन वर्षं अशीच भरून गेली. दूर उत्तरेत शिकून, ध्येयांनी डोकं गच्च भरून मी इथे आले, तेव्हा गावातली निम्मी माणसं सायकली मारत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाऊ लागली होती. तुम्ही हे ऐकून हसाल. हसा! मी मात्र चिडूनच सांगणार. कारण सगळी भांडणं एवढ्याशा गोष्टीसाठी झाली: सगुणाआक्काच्या चार कोंबड्या लंगडत होत्या, आणि त्या बऱ्या व्हाव्यात असं आक्का आणि माझ्याशिवाय कुणालाच फारसं वाटत नव्हतं.

*

आक्का पहिल्यांदा आली ती कोंबडी काखेत मारूनच. कोंबडीचा तळपाय टम्म सुजलेला, मधोमध काळी खपली. केस पेपर भरायला घेतला, तर त्यात रकाना: 'बाधित पाय - पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.'

"हा काय फॉर्म आहे? सरकारने कधी कोंबडी पाहिलीच नाही का?" मी ओरडले.

आमचे पट्टीबंधक गेनूभाऊ जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात म्हातारे झालेले. शांतपणे म्हणाले, "मागचा डावा लिवा बाई. पुढच्यांचे पंख झाले!"

तेच लिहिलं. वरून कुणी एका शब्दाने विचारलं नाही!

*

या दुखण्याला पुस्तकात 'बंबलफूट' म्हणतात. मी तावातावाने समजावलं, की तळपायाला बारीक जखम होते, जंतू शिरतात, आत पू घट्ट होऊन त्याचा खडा बनतो. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा, खपली मऊ झाली की मी खडा काढीन, मग आयोडीन आणि पट्टी. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि गेनूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी सोपं करून सांगितलं, "बंब फुटलाय म्हणत्यात."

"अगं बया! आमच्याकडं बंबच न्हाई. आमी चुलीवर पाणी तापवतो!"

पण नाव रुळलं. महिन्याभरात त्या आळीतून कोंबड्यांची रांग लागली, आणि प्रत्येकीचा बंब फुटलेला!

*

एकाच आळीत इतक्या? मी बघायला गेले. आक्काच्या अंगणात पाऊल टाकलं आणि डोळेच दिपले. अंगणभर लोखंडाचा कीस! आक्काचे मालक किसनराव एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवरून पडलेला कीस तिथे फुकट मिळायचा. चिखल होऊ नये म्हणून शिफ्ट सुटल्यावर पोत्यापोत्याने आणून त्यांनी तो पसरला होता. मग शेजाऱ्यांनी मागितला, मग आळीने!

"बघा डाक्टरीणबाई, आळीत चिखल शोधून सापडायचा न्हाई," किसनराव कंपनीचे जाडजूड बूट अंगणात आपटत म्हणाले.

"अहो, पण कोंबड्यांचे पाय कापतायत!"

"मग काय बूट घालू त्यान्ला?"

आक्का तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणीच आली. "घालाच," म्हणाली. "तुमच्याइतकं त्या बी राबत्यात. अंडी तरी देत्यात!"

पुढच्या खेपेला बघते, तर आक्का खराट्याने कीस गोळा करून टोपलीत भरतेय! माझं भाषण लागू पडलं, म्हणून मी फुशारून गेले.

*

त्या फुशारकीत मी थेट वर्कशॉपवर गेले. साहेबांना म्हटलं, हा कीस वाटणं बंद करा, आणि ज्यांचे पाय कापलेत त्यांच्या औषधाचं बघा. साहेब फार सभ्य. चहा मागवला.

"आमच्या दवाखान्यात मस्टरवरचाच माणूस बघतात, मॅडम. कामगाराच्या बायकोलासुद्धा पट्टी मिळत नाही, आणि तुम्ही कोंबड्यांचं घेऊन आलात?"

हे वाक्य त्या माणसाने अभिमानाने म्हटलं! मी चहा तसाच ठेवला आणि अर्धा तास भांडले. कोंबड्यांसाठी.

*

किसनराव मनाने वाईट नव्हते. बायको कोंबड्यांसाठी हळहळते, म्हणून त्यांनी स्वतःच इलाज केला. चारही कोंबड्यांच्या पायांना मशीनचं ग्रीस चोपडलं!

"लेथला चालतं, तर कोंबडीला का न्हाई?"

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यातल्या दांडीवर चढायच्या, की सर्रकन घसरून खाली! आक्का म्हणाली, "ह्यांनी पयली शिफ्ट केली, कोंबड्या ओव्हरटाइम करत्यात."

*

मग मी जिल्ह्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. तिथल्या साहेबांना इंग्रजी नाव कळेल न कळेल, म्हणून शुद्ध मराठीत: 'येथील कोंबड्यांच्या पायास कुरूप झाले असून औषधे तातडीने पाठवावीत.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. 'कोंबडीचे रूप हा या खात्याचा विषय नाही.'

मी तो कागद भिंतीला चिकटवला. गेनूभाऊंनी काढून ठेवला. म्हणाले, "बाई, इन्स्पेक्शनला लोक येत्यात. त्यान्ला खरं वाटंल!"

*

औषध मी पुण्याहून स्वतः आणलं. खडे काढले, पट्ट्या बांधल्या. त्याच आठवड्यात किसनरावांचे मेहुणे नांदेडकडून आले. लंगडी कोंबडी दिसली, की रीतीप्रमाणे हंडी चढायचीच!

"पाय गेलाय हिचा. आजच कापून टाका की."

आक्का पदर खोचून आडवी आली. "हात लावू नगा! सरकारी पट्टी हाय ती. फाटली तर केस व्हतीया!"

पाहुणे दोन दिवस राहिले. पट्टीवाली कोंबडी समोरून आली, की उठून तिला वाट देत होते!

*

चारही कोंबड्या बऱ्या झाल्या. माझं ध्येय एकदाचं पुरं झालं म्हणून मी खूश होते, आणि एका दुपारी आक्का पुन्हा दारात. काखेत कोंबडी. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बंब फुटलाय."

मी एक पाय पाहिला. दुसरा पाहिला. दोन्ही ठणठणीत! बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून बघितल्या.

"आक्का, हिला काही झालेलं नाही."

"झालंय की."

"कुठे?"

आक्काने दाराकडे पाहिलं. गेनूभाऊ उठले आणि पाणी तापवायला गेले. तेव्हा तिने लुगडं जरासं वर घेतलं आणि पाय स्टुलावर ठेवला. तळव्याला सूज, मधोमध काळी खपली.

"कधीपासून आहे हे?"

"कोंबड्यांच्या आधीपास्नं."

गेनूभाऊ परत आले. रोजचा वाडगा नव्हता, मोठं घमेलं होतं. ते त्यांनी स्टुलाशी ठेवलं, मिठाची मूठ टाकली, आणि केस पेपर घेऊन माझ्यासमोर बसले.

"बाई, कंचा पाय लिवू?"

मी आक्काचा पाय धरून घमेल्यात ठेवला.

"मागचा डावा," आक्का म्हणाली.