वाढव म्हटलं होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, शेजारच्या सुमनजवळ नाही. देवापुढेही नाही — त्याला माहीत असेल तर असो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरात राहत नाही.

मला सगळे अक्का म्हणतात. चौथी शिकलेली. माहेर अमळनेरकडचं, सासर जळगावचं. नवऱ्याच्या किराणा दुकानात उभा जन्म गेला. पुढे नवरा गेला, दुकान गेलं, जीभ तेवढी राहिली. ती चांगली चालते. म्हणूनच तर हे झालं — पण थांबा, आधी सुनेचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय माझं कळायचं नाही.

सून वैशाली. घरी बसून काम करते, डाळमिलसाठी. मिलमध्ये पट्ट्यावरून डाळ धावते, वर कॅमेरा असतो. तो किडका, काळा दाणा ओळखतो आणि हवेचा फटका बसून तो दाणा बाजूला उडतो. कोणता दाणा चांगला, कोणता वाईट, हे त्या यंत्राला शिकवते माझी सून. तूर बदलली, पाऊसपाणी बदललं, की दाण्याचा रंग बदलतो, मग पुन्हा नवीन शिकवायचं. असं शिकवलेलं डोकं ज्या जागेवरून वेगवेगळ्या मिलमध्ये पाठवतात, चालवतात, काढून घेतात, त्या जागेला ती प्लॅटफॉर्म म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "भुसावळला जातेस का काय?" हसून हसून तिचा चहा सांडला.

आधी हे पाठवायचं काम ती हातानं करायची. इंग्रजीत काय काय टाइप करत बसायची. मग तिनं एक एजंट तयार केला आणि तो त्या प्लॅटफॉर्मला जोडून दिला. एजंट म्हणजे — मी त्याला गडी म्हणते. बोललेलं ऐकणारा, सांगितलेलं काम जाऊन करून येणारा. "नवीन डोकं एका मिलमध्ये लाव, कसं चालतं बघ, मला सांग." की लावायचा, बघायचा, येऊन सांगायचा. आणि कौतुकाची गोष्ट कोणती? तिनं त्याला मराठी शिकवलं. आपलं खानदेशी बोलणंसुद्धा. मिलच्या मुनीमभाऊंना इंग्रजी येत नाही, कशाला अडावं त्यांचं, म्हणायची. मुनीमभाऊ फोनवर म्हणायचे, "आज नवी तूर शे, जरा सांभाळून," आणि गड्याला कळायचं! ही करामत मोठ्या शहरातल्या साहेबांना सुचली नाही, माझ्या ओट्यापलीकडच्या खोलीत बसलेल्या बाईला सुचली. मी तोंडावर कधी म्हटलं नाही. आमच्यात सुनेला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. तीही एक खोडच.

गड्याला बोलण्याची सवय लावायला तिनं मलाच समोर बसवलं. मी बडबडायची, तो उत्तर द्यायचा. सुमन खिडकीतून विचारायची, "अक्का, तुमनी सून दिनभर कोनसंगे बोलस वं?"

"तिना गडीसंगे."

"माले तर कोनी दिसत नई."

"मालेबी दिसत नई. पन काम तुना नवऱ्यापेक्षा बरं करस."

बघा, पुन्हा भलतीकडे गेले. टाळतेय, दुसरं काय?

त्या दिवशी वैशालीचे वडील धुळ्यात पडले. दवाखान्यात नेलं. ती अंगावरच्या साडीनं बसमध्ये बसली, लॅपटॉप घरी उघडाच राहिला. सकाळीच तिनं नवीन डोकं एका मिलमध्ये लावलं होतं, परीक्षेला म्हणून. पारोळ्याच्या अलीकडे असताना तिला मुनीमभाऊंचा फोन आला — नवीन डोकं चांगली डाळ फेकतंय. तिनं मला फोन लावला. आवाज तुटत होता. "अक्का, लावणं-काढणं त्या लॅपटॉपवरूनच होतं. गड्याला फक्त एवढंच म्हणा — नवीन बंद कर. बंद कर. म्हणाल ना?" आणि फोन गेला.

दिवेलागणीची वेळ होती. मी हात धुऊन त्या खोलीत गेले, लॅपटॉपसमोर बसले. आणि तोंडातून 'बंद' निघेना.

तुमच्याकडे म्हणतात का, ठाऊक नाही. आम्ही दुकान कधी बंद केलं नाही. रोज वाढवलं. "वाढवा आता," असं नवरा म्हणायचा, की मी फळ्या लावायला घ्यायची. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा आपण वाढवतोच ना? दिवेलागणीला, सुनेच्या पोटापाण्याच्या यंत्रापुढे बसून 'बंद' म्हणायचं? छे. ती शिकलेली पोर, तिला काय कळतं कोणत्या वेळी काय बोलावं! असं मी मनात म्हटलं. आणि मोठ्यानं म्हटलं, "नवीन वाढव रे बाबा."

गड्यानं विचारलं. हे मला सांगायलाच हवं — त्यानं विचारलं. "नवीन वाढवू? सगळ्या मिलमध्ये?"

"हो, सगळं वाढव. एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

"वाढवलं," तो म्हणाला.

मी देवापुढे निरांजन लावलं. वैशालीचा पुन्हा फोन आला, दवाखान्यातून. "म्हणालात?" "म्हणाले." ती वडिलांपाशी बसून राहिली.

उजाडेपर्यंत सगळ्या मिलमध्ये चांगली तूरडाळ चुनीच्या पोत्यात जाऊन पडली होती. गुरांच्या खाण्यात. फोनवर फोन. वैशाली पहिल्या बसनं परत आली, चपला पायात तशाच. लॅपटॉपपाशी बसली. ओरडली नाही, रडली नाही. गड्याला शांतपणे एकेक गोष्ट सांगत गेली आणि माझा चहा उकळेपर्यंत प्रत्येक मिलमध्ये जुनं डोकं परत बसलं. मी दारात उभी राहून पाहत होते. एवढं वादळ अंगावर घेऊन न डगमगता काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. चौथीच झाली तरी मला वाचता येतं. तिथं लिहिलं होतं — नवीन वाढव रे बाबा. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. माझं वाढवणं म्हणजे मिटवणं, आणि त्याचं वाढवणं म्हणजे खरंच वाढवणं.

"अक्का, तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

आता इथं मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही सांगायची गरज नाही. मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "तू सांगितलं तेच. बंद कर."

"इथं तर वाढव आलंय."

"मग तुझा गडी बहिरा असेल."

तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'बंद कर' आणि 'वाढव रे बाबा' — कुठं जुळतात हो? लहान पोरालाही संशय आला असता. पण मी तिची सासू. यंत्र खोटं बोलत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिनं त्याला चुकीचं ठरवलं, मला नाही. एवढा विश्वास मी तिच्यावर कधी ठेवला होता का?

मिलवाल्या साहेबांना तिनं सांगितलं, "गड्याच्या ऐकण्यात चुकलं; जोडणी माझी, चूक माझी." माझं नावही घेतलं नाही. त्यांनी गड्याचं मराठी काढून टाकायला लावलं. स्वतःच्या हातानं काढलं तिनं. आता हुकूम इंग्रजीत टाइप करायचा, तोही दोघांनी पाहून. मुनीमभाऊ आता गड्याशी बोलत नाहीत, वैशालीच्या फोनची वाट बघत थांबतात, तोवर पट्टा थांबतो. मी का खोटं बोलले? भीती नव्हती. ती मला काय बोलणार होती? मला फक्त चुकलेली दिसायचं नव्हतं. तिच्यासमोर तर मुळीच नाही. एवढंच.

गेल्या महिन्यात तिला धुळ्याच्या एका कॉलेजात बोलावलं होतं, मुलींना हे काम शिकवायला. मला बरोबर घेऊन गेली. मी पहिल्याच बाकावर. ती फळ्यापाशी उभी राहून असा एजंट प्लॅटफॉर्मला कसा जोडायचा ते सांगत होती, आणि मुली डोळे मोठे करून ऐकत होत्या. मला आतून भरून आलं होतं. मग तिनं ती गोष्ट सांगितली. "माझ्या सासूबाई बरोबर बोलल्या होत्या, यंत्रानं उलटं ऐकलं. आपल्या बोलीवर हुकूम सोपवू नका."

साक्रीकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी अहिराणी ऐकणारा असाच एजंट करायला घेतलाय. माझ्या आईला वाचता येत नाही, तिच्यासाठी. अर्धा झालाय." मग माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही नक्की 'बंद' म्हणाला होतात ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. वैशालीही.

"नक्की," मी म्हटलं.

मुलगी खाली बसली. वैशाली तिच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सोड ते. इंग्रजीतच कर." मुलीनं मान डोलावली, आणि समोरच्या लॅपटॉपमधलं आपलं अर्धं झालेलं काम माझ्या देखत पुसून टाकलं.